वनप्रेम उत्पन्न करणारी इमारत

'नागरिकांच्या मनात वनाविषयी प्रेम उत्पन्न होईल अशा इमारतीचा नकाशा तातडीने पाठवावा,' असं वनखात्याचं पत्र आमच्या ऑफिसात आलं. ते अकरा टेबलांवरून फिरत माझ्या टेबलावर पोचलं तेव्हा त्यावर अकरा शेरे होते. पहिला शेरा 'पाहिले.' दुसरा 'चर्चा करावी.' तिसरा 'कोणाशी?' चौथ्याने नुसतीच सही केली होती, तीही पाचव्याच्या जागेवर, त्यामुळे पाचव्याने त्याबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. शेवटचा शेरा आमच्या साहेबांचा: 'प्रेमाचा नमुना नकाशा आपल्याकडे आहे का? नसल्यास ड्राफ्ट्समननी नवीन काढावा.'

ते ड्राफ्ट्समन म्हणजे मी.

आता 'नमुना नकाशा' ही काय भानगड ते सांगायला हवं. आमच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. त्यात दवाखाना नमुना दोन, गोदाम नमुना पाच, विश्रामगृह नमुना एक असे नकाशे गुंडाळून ठेवलेले आहेत. कुठेही दवाखाना हवा असला की नमुना दोन काढायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि गिरवायचं. एकतीस वर्षं मी गिरवतोय. नकाशाच्या कोपऱ्यात एक 'संकल्पना' नावाचा चौकोन असतो, त्यात आजवर मी फक्त आडवी रेघ मारत आलो. बसमधून जाताना मी बायकोला हौसेने खिडकीबाहेर दाखवायचो, "तो बघ, तो दवाखाना मी काढलाय." ती बघायची आणि म्हणायची, "अहो, मागच्या गावातही हाच होता." ती हे खवचटपणे म्हणत नाही, साध्या सरळपणे म्हणते. खवचटपणे म्हणाली असती तर मी भांडलो तरी असतो.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी ते पत्र दोन्ही हातांनी धरलं आणि मनाशी म्हटलं, बस, ही एक इमारत माझी. कोपऱ्यातल्या चौकोनात माझं नाव, दाराशी दगडावर माझं नाव, आणि बायकोला तिथे नेऊन उभं करायचं. मग म्हण म्हणावं, मागच्या गावातही हीच होती!

घरी सांगितल्यावर सल्ल्यांचा पूर आला. खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. ते म्हणाले, "प्रेमबीम उत्पन्न होत नसतं. शिस्त लावावी लागते. दाराशी झाडांच्या नावांची परीक्षा ठेवा. नापास झाला, घरी जा." मेहुण्याचं फरशांचं दुकान आहे. तो म्हणाला, "भाऊजी, भिंतभर टाइल्स लावू. हरीण, धबधबा, मागे सूर्य. खरं हरीण काही लोक आले म्हणून समोर येऊन उभं राहत नाही." सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की खिडकी ठेवू नका, माकडं येतील. जंगल बघायच्या इमारतीला खिडकी नको, हे मी वहीत लिहून घेतलं. सासूबाई समोर असताना मी सगळंच लिहून घेतो.

खरी कल्पना सुचली ती घरातल्या कपाटामुळे. घराला रंग चालू होता. रंगाऱ्याने कपाट ओढून बाल्कनीच्या दारासमोर आणून ठेवलं. बाल्कनीत जायचं तर भिंत आणि कपाट यांच्यामधून आडवं सरकायचं, वर बांधलेल्या चादरीखाली वाकायचं, उजवीकडे वळायचं. टॉवेल आणायला म्हणून मी एकदा तसा अंधारातून घुसलो, वाकलो, वळलो, सरळ उभा राहिलो आणि समोर हे एवढं मोठं झाड! उन्हात नुसतं झळझळत होतं.

"अगं, हे झाड कुणी लावलं? कधी?" मी ओरडलो.

"आपण राहायला आलो त्याच्या आधीपासून आहे," बायको आतून म्हणाली. "एकोणीस वर्षं तुम्ही त्याच्यासमोर बनियन वाळत घालताय."

तिथेच मला समजलं. माणसाला सगळं सताड उघडं दिसलं की काहीच दिसत नाही. त्याला आधी कोंडायला हवं. माझ्या इमारतीत एक ठेंगणी, काळोखी, बिनखिडकीची बोळ असेल. माणूस वाकून आत येईल, चाचपडेल, वैतागेल, वळेल, आणि एकदम समोर जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेपलीकडे जंगल! उत्पन्न झालंच पाहिजे प्रेम. जाईल कुठे?

प्रयोगासाठी मी रंगारी गेल्यावरही कपाट बारा दिवस तिथेच ठेवलं. आल्यागेल्याला बोळीतून पाठवायचो आणि पलीकडे वही घेऊन उभा राहायचो. हेडमास्तर कपाटाच्या कडेवर कपाळ आपटून बाहेर आले. "झाड दिसलं का?" मी विचारलं. "तारे दिसले," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले. बाराव्या दिवशी बायकोने हात टेकले. म्हणाली, "अहो, प्रेम जंगलावर बसायचं तेव्हा बसेल, पण घरावरचं उडायला लागलंय." मी कपाट हलवलं.

नकाशा काढायला चौदा दिवस लागले. जागेची माहिती फाइलीत होती. पश्चिमेकडून रस्ता येतो, रस्त्यालगत रेंजरसाहेबांचं क्वार्टर आणि अंगण, मग आमची मोकळी जागा आणि पूर्वेला जंगल. म्हणून मी पश्चिमेला, क्वार्टरच्या बाजूला, सबंध भिंत घेतली आणि तिच्यात दार. दारातून बोळ, बोळीतून वळण, मग बाकं आणि पूर्वेला काच. काचेपलीकडे मी झाडं काढली, एकशे ऐंशी झाडं, प्रत्येक वेगळं. नमुन्यातलं झाड म्हणजे एक वर्तुळ आणि मध्ये टिंब. मी फांद्या काढल्या. टेबलाशेजारून जाणारे थांबून बघायचे.

अक्षरं मात्र माझी नव्हती. आमच्याकडची रीतच तशी आहे. माझ्या रेघा सरळ, पण अक्षर असं की दवाखान्याचं गोदाम होईल. म्हणून रेघा मी मारायच्या आणि अक्षरं मोतीरावने घालायची. त्याचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून मोतीराव. तो काय लिहितो याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, फक्त कसं दिसतं याच्याशी असतं. मी ट्रेसिंग त्याच्या टेबलावर ठेवलं, कुठे काय लिहायचं त्याची यादी दिली आणि हळूच म्हटलं, "संकल्पनेच्या चौकोनात रेघ नको. माझं नाव घाल."

"पूर्ण?"

"पूर्ण. वडिलांच्या नावासकट."

नकाशा मंजूर झाला. प्रती छापून ठेकेदाराकडे गेल्या आणि आठच दिवसांत त्याचा फोन आला. "साहेब, खिडकी मावळतीला दाखवलीय. जंगल उगवतीला दिसतंय."

या ठेकेदाराची कीर्ती मला ठाऊक होती. त्याने एका विश्रामगृहाचा जिना बांधला होता, तो सज्ज्याच्या बाजूने वर जाऊन भिंतीला भेटत होता. मी माझी प्रत उघडली. उत्तरेचा बाण वर. डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, काच. काचेपलीकडे माझी एकशे ऐंशी झाडं आणि त्यांच्यामधोमध मोतीरावच्या अक्षरात 'जंगल'. काच जंगलाकडे आहे ना, एवढंच मी बघितलं. सगळं चोख.

"नकाशात जंगल कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"मावळतीला."

"खिडकी?"

"मावळतीला. पण जागेवर—"

"तुम्ही जागा बघून बांधता की नकाशा बघून?" एकतीस वर्षांत मी कुणाला इतकं सुरेख झापलं नव्हतं. आजूबाजूच्या टेबलांवरच्यांनी माना वर केल्या. मला फार बरं वाटलं.

पुढे रेंजरसाहेबांचंही पत्र आलं. 'बांधकामातील मोठी खिडकी माझ्या अंगणाकडे असल्याचे दिसते, खुलासा व्हावा.' मी खुलासा पाठवला, 'तांत्रिक नकाशाचे वाचन तांत्रिक व्यक्तीनेच करणे इष्ट.' तुम्ही म्हणाल, उठून जागेवर जाऊन का नाही बघितलंत? जाणार होतो की! पण दौऱ्याला मंजुरी लागते. मी पाया खणताना केलेला अर्ज छत घातल्यावर एक प्रश्न घेऊन परत आला. 'दौऱ्याचे प्रयोजन काय?' मी लिहिलं, 'इमारत पाहणे.' तो पुन्हा गेला, आणि 'इमारत पूर्ण झाल्यावर पाहता येईल' असं लिहून आला.

तर मी माझी इमारत पहिल्यांदा पाहिली ती उद्घाटनाच्या दिवशी. बायकोला आणलं नाही, तिच्या गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला. तो गुडघा माझ्यावर उपकार करतोय हे तेव्हा मला कळलं नाही, मी रुसून बसलो.

वनखात्याचे मोठे साहेब आले होते. त्यांच्यामागे चाळीस माणसं. रस्त्यावरून आल्यावर दार दिसेना. इमारतीला वळसा घालून सगळे झुडपांतून पलीकडे गेले तेव्हा दार सापडलं. त्याच्याशेजारी दगड होता आणि दगडावर माझं नाव. त्या दगडाकडे तोंड करून चाळीस माणसं ओळीने उभी राहिली आणि त्यांच्या पाठीमागे, अगदी हाताच्या अंतरावर, घनदाट जंगल. दार जंगलाच्या बाजूला! एवढ्यात एका वानराने मागून येऊन फोटोग्राफरची टोपी नेली. जंगलाशी त्या दिवशी आलेला संबंध एवढाच.

मोठे साहेब वाकले. बोळीत शिरले. आम्ही मागोमाग. चाचपडणं, वैतागणं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. वळण आलं आणि साहेब ताठ उभे राहिले.

समोर जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेपलीकडे, दहा पावलांवर, पायरीवर बसून रेंजरसाहेबांची आई केस विंचरत होती. वर दोरीवर रेंजरसाहेबांचे गणवेश वाळत होते. गणवेश होते तोवर ठीक, पण त्यांच्या आत घालायचे कपडेही होते.

आजींना चाहूल लागली. त्या उठल्या, जवळ आल्या, कपाळावर तळहात धरून त्यांनी काचेला नाक लावलं आणि आत कोण कोण आहे ते एकेक करून बघून घेतलं. आतून चाळीस जण त्यांच्याकडे बघत होते. रेंजरसाहेब मोठ्या साहेबांच्या शेजारी कडक गणवेशात उभे होते. त्यांचा चेहरा हळूहळू जांभळा होत गेला. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी आणि मला एकट्याला पोटात घ्यावं.

"वा!" मोठे साहेब म्हणाले. "वनाच्या सान्निध्यातलं मानवी जीवन! अगदी वेगळी कल्पना!"

मोठे साहेब वा म्हणाल्यावर चाळीस जण वा म्हणाले. टाळ्या पडल्या. आजींनीही पलीकडून वाजवल्या.

मी तडक ऑफिसात गेलो आणि मूळ ट्रेसिंग बाहेर काढलं. खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, बोट फिरवलं. माझ्या रेघा कागदाच्या एका बाजूला आणि मोतीरावची अक्षरं दुसऱ्या बाजूला! ट्रेसिंग पारदर्शक. पठ्ठ्याने ते पालथं टाकलं होतं आणि माझ्या उलट्या झालेल्या इमारतीवर, यादीप्रमाणे, मोत्यासारखी सुलट अक्षरं घातली होती. बाण वरच राहिला, पूर्वेची पश्चिम झाली आणि कुणाला काही पत्ता लागला नाही.

"अरे गृहस्था, तू कागद कसा ठेवला होतास?"

"पंख्याने उडाला होता. उचलला, ठेवला," मोतीराव म्हणाला. मग नकाशाकडे बघून म्हणाला, "पण अक्षर छान आलंय."

आम्ही दोघांनी ट्रेसिंग गुंडाळून कपाटात सगळ्यात मागे सारलं आणि कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. बायकोलाही मी सांगितलं नाही. ती विचारायची, "कधी नेताय?" मी म्हणायचो, "गुडघा बरा होऊ दे." ती म्हणायची, "झालाय." मी म्हणायचो, "अजून होऊ दे."

आणि इमारत लागली हो चालायला! सुट्टीच्या दिवशी दुर्बिणी घेऊन लोक यायचे. अभिप्रायाच्या वहीची नक्कल दर महिन्याला आमच्याकडे यायची. 'सकाळी आठला गेल्यास आजी हमखास दिसतात.' 'आज दोनदा दिसल्या. मुले खूश.' 'आजींनी दार आपटले, कारण कळू शकले नाही.' आजी सुरुवातीला चिडल्या, पण पंधरा दिवसांत त्यांना त्याची गोडी लागली. चांगले कपडे करून बाहेर बसायला लागल्या. काचेजवळ येऊन हातवारे करून मुलाच्या तक्रारी सांगायला लागल्या. मुलगा जेवायला वेळेवर येत नाही हे सबंध जिल्ह्याला कळलं.

रेंजरसाहेबांनी तीन पत्रं पाठवली, तिन्हींवर 'चर्चा करावी' पडलं. तेव्हा त्यांनी पत्रं लिहिणं सोडलं आणि कुदळ हातात घेतली. अंगण आणि काच यांच्यामधल्या पट्ट्यात त्यांनी रोपं लावली. बांबू, वेली, काटेरी, बिनकाटेरी, रोपवाटिकेत मिळेल ते. त्यांच्या नोकरीत त्यांनी आजवर लावलेल्या रोपांचं काय झालं ते खात्यालाच माहीत, पण ही रोपं ते सकाळसंध्याकाळ स्वतः पाणी घालून वाढवत होते. दाढी करायच्या आधी पाणी, जेवायच्या आधी पाणी. त्यामुळे ते जेवायला आणखी उशिरा यायला लागले, असं आजींनी काचेतून सांगितलं.

माझ्या निवृत्तीला महिना उरला असताना मोठ्या साहेबांचं पत्र आलं. 'सदर इमारतीसमोर झाडे वाढल्यामुळे काहीच दिसत नाही, अशा नागरिकांच्या एकशे सहा तक्रारी आहेत. ती तोडावीत किंवा कसे, याबाबत मूळ नकाशा पाहून संबंधित ड्राफ्ट्समननी जागेवर जाऊन अभिप्राय द्यावा.' आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तोडावीत असं लिहून टाका आणि मोकळे व्हा. उगाच मूळ नकाशा वगैरे उकरत बसू नका, निवृत्तीचे कागद अजून माझ्या टेबलावर आहेत."

या वेळी दौरा एका दिवसात मंजूर झाला. बायको दारात तयार होऊन उभीच होती. "मी येणार," ती म्हणाली. "निवृत्त झाल्यावर कुठलं आलंय नेणं!" आता पुन्हा गुडघ्याचं नाव काढायची माझी छाती नव्हती.

तिथे दुसरं चिटपाखरू नव्हतं. बायको वाकून बोळीत शिरली, मी तिच्यामागे. ती चाचपडली. "अहो, काळोख काय हा, तुमच्या त्या कपाटासारखा!" असं म्हणत वळली.

मी वळलो. काचेला लागून बांबू उभा होता, वाऱ्याने सगळाच्या सगळा हलत होता. मागे वेली चढलेल्या, त्यांच्यातून हिरवा उजेड आत फरशीवर पडला होता. एक लहानसा पक्षी काचेपासून वीतभर अंतरावर बसून आमच्याकडे बघत होता. क्वार्टर नाही, दोरी नाही, आजी नाही. मी चौदा दिवस खपून काढलं होतं ते हेच. अगदी हेच! माझे डोळे भरून आले, मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

बायको बाकावर बसली. घड्याळ लावून सांगतो, वीस मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. आमच्या संसारात हे पहिल्यांदा घडलं.

मग हळू आवाजात म्हणाली, "हे तुम्ही काढलंत?"

आता हो म्हणायला काय जात होतं? पण त्या उजेडात खोटं बोलवेना. मी तिला सगळं सांगितलं. ट्रेसिंग, पंखा, मोतीराव, आजी, चाळीस माणसं. "माझं जंगल पलीकडच्या बाजूला होतं," मी म्हटलं. "हे त्या रेंजरने लाजेपायी लावलंय. यात माझं काही नाही."

ती हसायला लागली. हसून हसून तिला ठसका लागला. डोळे पुसत म्हणाली, "अहो, लोक जंगल असतं तिथे इमारत बांधतात. तुमची इमारत होती म्हणून इथे जंगल आलं. आणखी काय हवंय तुम्हाला?" मग एकदम गंभीर झाली. "तोडा म्हणून लिहाल तर याद राखा."

मी तिथेच बाकावर बसून अभिप्राय लिहिला आणि दुसऱ्या दिवशी मंजूर नकाशाच्या प्रतीसकट साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी चष्मा चढवला.

"पश्चिमेला जंगल दाखवलंय," ते म्हणाले.

"हो साहेब. ते सुरुवातीला जागेवर नव्हतं. आता नकाशाबरहुकूम झालंय. तोडलं तर मंजूर नकाशाचा भंग होईल."

"आणि ते रेंजरचं क्वार्टर?"

"नकाशात ते पूर्वेला आहे, साहेब."

"जागेवर?"

"पश्चिमेला."

साहेबांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे क्वार्टर चुकीच्या जागी आहे. बांधलं कधी?"

"पंचवीस वर्षांपूर्वी."

"आणि पंचवीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही! काय ही खात्याची बेपर्वाई!" साहेब कळवळून म्हणाले, आणि त्यांनी अभिप्रायाखाली सही केली.